आजोबांच्या तिकडे विहीर आहे का?

अंबड तालुक्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र आलं. थोडक्यात असं: "वडील चैत्रात प्रभूकडे गेले. चार एकर कोरडवाहू, जन्मभर कापूस आणि तूर. माझा सात वर्षांचा मुलगा विचारतो, आजोबांच्या तिकडे विहीर आहे का, बैल आहेत का. मी सांगितलं, आहे, बारमाही पाणी आहे, आजोबा लिंबाखाली बसलेत. सासूबाई चिडल्या. शास्त्रात नाही ते लेकराला सांगणं पाप आहे म्हणाल्या. दिरांनी मोबाइलवर स्वर्ग पाहून परत आलेल्या एका बाईचा व्हिडिओ दाखवला, तिथे म्हणे सोन्याचे बंगले आहेत. कल्पना करावी की करू नये? आणि एक सांगायचं होतं. वडील स्वप्नात येतात आणि पाणी मागतात. शेवटचे दोन दिवस डॉक्टरांनी तोंडाने पाणी द्यायला मनाई केली होती."

ताई, जय ख्रिस्त.

तुम्ही तीन-चार गोष्टी विचारल्या आहेत, पण खरा प्रश्न शेवटच्या दोन ओळींत आहे, आणि तो तुम्ही प्रश्न म्हणून लिहिलेलाच नाही. तिथे मी येतो. पण आधी विहीर, कारण तुमचा मुलगा वाट पाहत असेल.

चौतीस वर्षं जालना, अंबड, भोकरदनकडच्या खेड्यांत पाळकपण केलं. दफनाच्या वेळी मोठी माणसं खाली बघत उभी राहतात आणि लेकरं प्रश्न विचारतात. तिकडे थंडी वाजते का? आजीचा चष्मा इकडेच राहिला, मग ती वाचणार कशी? एकदा एका पोराने मला विचारलं होतं, तिकडे रेंज असती का. मी हसलो नाही. कारण पवित्र शास्त्रही परलोकाबद्दल बोलतं तेव्हा याच भाषेत बोलतं. नगर, वेशी, नदी, झाड, जेवणाची पंगत, घरातल्या खोल्या. कल्पना करूच नये असं प्रभूचं म्हणणं असतं, तर त्याने शिष्यांना बापाच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत असं सांगितलंच नसतं.

तेव्हा हे शास्त्रात नाही, हे सासूबाईंचं पहिलं म्हणणं मला मान्य नाही. पाप आहे, हे दुसरं अर्धं मान्य आहे, त्याकडे पुढे वळतो.

बायबलातलं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याचा एकविसावा अध्याय काढा. ते लिहिणारा योहान पात्म बेटावर रोमी सत्तेचा बंदी आहे आणि त्याला नवं यरुशलेम दिसतं. लांबी, रुंदी, उंची सारखीच, बारा हजार स्टेडिया, म्हणजे आजच्या हिशेबाने जवळपास २,२०० किलोमीटर. आणि भिंत? १४४ हात. साधारण ६५ मीटर, मग ती उंची म्हणा की जाडी. २,२०० किलोमीटर उंच नगराला ६५ मीटरचा तट! हा नकाशा आपल्या गावातल्या गवंड्याला दाखवा, तो तंबाखू मळता मळता थांबेल. पण योहान बांधकामाचं माप सांगतच नाही. बारा वंश, बारा प्रेषित, बाराला बाराने गुणलं की १४४. देवाची सगळी माणसं, एकही कमी नाही, असं तो आकड्यांत लिहितो. वेशी कधी बंद होत नाहीत हेही त्याच अध्यायात आहे. ज्या बंद्याच्या डोक्यावर रोजचा पहारा आहे, त्याला सगळ्यात आधी उघड्या वेशी दिसाव्यात यात मला नवल वाटत नाही.

त्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात आहे, समुद्र राहिला नाही. आपल्या भागात हे वाचलं की कुणाला काही होत नाही. समुद्र आपण मुंबईला पाहिला, चौपाटीवर भेळ खाल्ली, छान वाटला. योहानाला मात्र समुद्र म्हणजे चारी बाजूंचा तुरुंग. त्याच्या तेराव्या अध्यायातलं श्वापदही समुद्रातूनच वर येतं. ज्याची भीती होती ते राहिलं नाही, एवढंच तो म्हणतो. योहान आष्टी-पाटोद्यात बसून लिहीत असता तर दुष्काळ राहिला नाही असं लिहिता. खरं तर त्याने तेही लिहून ठेवलंय, पुढे दाखवतो.

म्हणजे तुमची विहीर शास्त्राच्या रीतीतच बसते. तुम्ही तुमच्या मातीतलं चित्र घेतलं, योहानाने त्याच्या. मराठी बायबलात प्रकटीकरणातल्या स्वर्गीय वडीलमंडळींच्या हातांत वीणा आहे. मूळ ग्रीक वाद्य वेगळं, पण आपल्या भाषांतरकारांनी वीणा लिहिलं आणि आपल्या कानांना कीर्तनातली वीणा ऐकू आली. त्यात काही बिघडलं नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंगांतून, कीर्तनातून ख्रिस्त गायला. तोही याच वाटेने.

मात्र शब्द उसना घेतला की त्याच्याबरोबर त्याचं सामानसुमानही घरात येतं, हे लक्षात असू द्यावं. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात छापलेल्या ख्रिस्तपुराणात परलोकाला वैकुंठ म्हटलं. पुढच्यांनी स्वर्ग शब्द घेतला. आता आपल्याकडे स्वर्ग म्हणजे इंद्राचा दरबार, आणि तोही कायमचा नाही. पुण्य संपलं की माणूस पुन्हा मर्त्यलोकात, असं गीतेच्या नवव्या अध्यायात आहे. मोक्ष म्हणावं तर त्यात देहातून सुटका येते. आपण रविवारी चर्चमध्ये विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत, म्हणतो ते यांतलं काहीच नाही. आपण म्हणतो, शरीराचं पुनरुत्थान. आत्मा सुटून वर गेला आणि गोष्ट संपली, असं आपलं म्हणणं नाही. योहानाला शेवटी दिसतं ते नगर वरून खाली येताना दिसतं. हे मी प्रत्येक दफनाला सांगतो आणि प्रत्येक वेळी कुणीतरी पाठीमागून म्हणतं, "बाबांचा आत्मा मुक्त झाला." जिभेला वळण आहे, चालायचंच. मीही घरी बोलताना म्हणून जातो.

मेलेले कोणत्या शरीराने उठतात, असं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांनीही विचारलं होतं. प्रेषित पौल त्या विचारणाऱ्याला आधी मूर्ख म्हणतो (आम्हा पाळकांना तेवढी मुभा नाही) आणि मग दाण्याची गोष्ट सांगतो. पेरतोस तो पुढे होणारा आकार नसतो, नुसता दाणा असतो. तुमच्या वडिलांना हे मला समजावून सांगावं लागलं नसतं. सरकी हातात घेऊन कितीही निरखली तरी तिच्यात पऱ्हाटी दिसत नाही, बोंड दिसत नाही, वेचणीच्या दिवसातलं पांढरं शेत तर नाहीच. तरी सरकी लावली की तूर उगवत नाही, पऱ्हाटीच येते. तसंच दिसणार नाही, आणि तरीही तेच असेल. पुनरुत्थानाबद्दल कल्पना करायची ती या दोन काठांच्या मधे. म्हणून वडील तिकडे देवदूत झाले, पंख फुटले, हे सांगू नका. प्रभूने म्हटलं ते देवदूतांप्रमाणे, आणि तेही लग्न करण्या-न करण्याच्या बाबतीत. तुमचे वडील तुमचे वडीलच. उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते. त्याने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला. मरीयेने आधी त्याला माळी समजलं आणि नाव घेऊन हाक मारल्यावर ओळखलं. माझ्या कल्पनेला एवढं खाद्य पुरतं.

बैलांचं मात्र मी छातीठोक सांगणार नाही. पण नाही असंही म्हणणार नाही. योनाच्या पुस्तकाचा शेवट काढून पाहा. निनवेवर दया का करू नये असं देव विचारतो आणि माणसांच्या मोजणीनंतर जनावरांचाही उल्लेख करतो, पुष्कळ गुरेढोरे. पुस्तक तिथेच संपतं. ज्याला निनवेची गुरं आठवतात, तो अंबडच्या शेतकऱ्याची जोडी विसरेल असं मला वाटत नाही. याहून पुढे जायला माझ्याकडे वचन नाही.

दिरांचा व्हिडिओ. थोडक्यात आटोपतो, कारण या विषयावर माझं डोकं तापतं. प्रभूने मेलेल्यांतून उठवलेला लाजर चार दिवस कबरेत होता. बाहेर आल्यावर त्याने काय पाहिलं याचं एक अक्षरही योहानाच्या शुभवर्तमानात नाही. पौल तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलला गेला आणि जे ऐकलं ते माणसाने बोलायचं नाही म्हणून गप्प बसला. पुढे चौदा वर्षांनी उल्लेख केला, तोही जणू दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. आणि आज बारा मिनिटांत बंगल्यांच्या मजल्यांसकट सगळं कळतं! अमेरिकेत एका लहान मुलाच्या नावावर असंच स्वर्ग पाहून आल्याचं पुस्तक २०१० साली निघालं, धडाक्यात खपलं. २०१५ साली त्या मुलानेच ते खरं नसल्याचं जाहीर केलं आणि प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. त्या पोराला मी दोष देत नाही. त्याच्या भोवतालच्या मोठ्या माणसांना ऐकायचं होतं ते त्याने सांगितलं. तुमच्या विहिरीत आणि त्या बंगल्यांत फरक हाच. तुम्ही आस सांगता. ती बाई खबर सांगते.

आता सासूबाईंची अर्धी बाजू. कल्पना चुकीचीही असते, आणि तिने माणूस रक्तबंबाळ होतो. हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. मला पाळक होऊन पाच वर्षं झाली होती. मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांनी, गोळा केलेलं धान्य आणि ब्लँकेटं घेऊन आम्ही गेलो. पत्र्याच्या निवाऱ्यात एक बाई बसली होती. तिची एकुलती एक लेक माळवदाखाली गेली होती. ती आपल्या धर्माची नव्हती, तिने मला काही विचारलंही नव्हतं. मीच जवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "बाई, देवाच्या बागेला फूल हवं होतं, म्हणून त्यानं ते खुडलं." हे वाक्य मी कितीतरी दफनांना ऐकलं होतं, गोड वाटायचं. तिने माझ्याकडे पाहिलं. "एवढा मोठा बाग असून माझंच एक लागलं का त्याला?"

मी उठून बाहेर आलो. परतताना ट्रकमध्ये माझ्या लक्षात आलं की ही गोष्ट मला पाठ आहे. नाथान संदेष्टा दावीद राजाला सांगतो ती. श्रीमंताकडे मेंढरांचे कळप, गरिबाकडे एकच कोकरी, आणि पाहुणा आल्यावर श्रीमंत ती एकच उचलून नेतो. दावीद ऐकून संतापतो, हा मनुष्य मरणदंडाला पात्र आहे म्हणतो. तो श्रीमंत मी देवाला करून आलो होतो, त्या आईच्या तोंडावर, आणि सांत्वन म्हणून.

तेव्हापासून परलोकाचं कोणतंही चित्र काढण्याआधी मी एक बघतो. यात देव कसा दिसतो? येशूचा बाप म्हणून ज्याला ओळखतो तसाच, की दुसराच कुणी? तुमच्या चित्रात तो थकलेल्या शेतकऱ्याला सावली देतो. राहू द्या ते.

मुलाला सांगताना एक पथ्य पाळा. आपल्या मराठीत त्याची सोय आहे. "आहे" म्हणू नका, "असेल" म्हणा. आजोबा लिंबाखाली बसलेत, असं नको. बसले असतील, असं म्हणा. आणि जे ठाम आहे तिथे बिनधास्त "आहे" म्हणा, आजोबा प्रभूजवळ आहेत. वधस्तंभावरच्या त्या चोराला प्रभूने सुखलोकाचं वर्णन सांगितलं नाही, "माझ्याबरोबर" एवढं सांगितलं. सात वर्षांच्या मुलाला आहे आणि असेल यातला फरक कळतो. भातुकलीत मातीचा भात वाढला तर तो मचमच करतो, गिळत नाही.

त्याच्याकडून चित्र काढून घ्या. त्याला विहीर काढू द्या. मधे मधे विचारा, इथे प्रभू कुठे आहे? आणि कृपा करून आजोबांना सीसीटीव्ही करू नका. "आजोबा वरून बघतायत, अभ्यास कर" हे आपल्या घरोघरी चालतं. बायबलात इब्रीकरांच्या पत्रात साक्षीदारांचा, म्हणजे आधी होऊन गेलेल्या विश्वासूंचा, मेघ आहे खरा, पण तो धावणाऱ्याला हुरूप देण्यासाठी. गृहपाठाच्या पहाऱ्यावर त्यांना बसवलेलं नाही.

आता स्वप्न.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला वाटतं लूकच्या शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय तुमच्या मनात आहे. श्रीमंत माणूस अधोलोकात यातनेत आहे आणि जिभेवर पाण्याचा थेंब मागतो. वडील स्वप्नात पाणी मागतात, आणि तुम्ही पहाटे उठून त्या श्रीमंताला वडिलांचा चेहरा लावता. चुकत असेन तर सोडून द्या. पण माझ्याकडे आलेल्या किती जणांना मी याच दाराशी अडकलेलं पाहिलंय. कापसाचा भाव आणि सावकाराची वही यांच्यात सापडून ज्यांनी स्वतःचा जीव घेतला, त्यांची दफनं मी केली आहेत. तिथे बायकोपोरांच्या देखत कुणीतरी कुजबुजतंच, हा थेट नरकात. असं सांगणारं एकही वचन नाही. अब्राहामाने देवालाच विचारलेला प्रश्न मात्र आहे, सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय? निकाल त्याच्या हातात आहे, आपल्या कल्पनेच्या हातात नाही.

नरकाच्या चित्रांत तर आम्ही उपदेशकांनी फार घोळ घातलाय. प्रभू नरकासाठी गेहेन्ना शब्द वापरतो, गेहेन्ना म्हणजे यरुशलेमच्या दक्षिणेचं हिन्नोमाचं खोरं. तिथे गावाचा कचरा रात्रंदिवस जळायचा, हे मी वीस वर्षं उपदेशात सांगितलं, हातवारे करून. नंतर कळलं की त्या उकिरड्याचा उल्लेख सन १२००च्या आसपासच्या एका यहुदी भाष्यकाराकडे सापडतो, प्रभूच्या काळानंतर हजाराहून अधिक वर्षांनी. यिर्मया संदेष्ट्याने त्या खोऱ्याबद्दल लिहिलंय ते वेगळं आणि जास्त भयंकर आहे. तिथे माणसांनी पोटच्या लेकरांचा होम केला. आणि लूकची गोष्ट कुणाला उद्देशून आहे? पैशाचा लोभ असणाऱ्यांना. दाराशी भुकेला पडलाय आणि आत मेजवानी. तो श्रीमंत यातनेतही दाराशी पडलेल्या त्या गरिबाला, लाजराला (हा लाजर वेगळा), चाकरीलाच लावतो, त्याला पाणी घेऊन पाठव म्हणतो. ती गोष्ट त्या श्रीमंताच्या जिवंत असलेल्या पाच भावांसाठी आहे, जेवणाच्या ताटावर बसलेल्या तुमच्या-माझ्यासाठी. चार एकर कोरडवाहूतून घर चालवणाऱ्या माणसाच्या मरणावर ती चिकटवायची नाही.

ताई, पाणी तुमचे वडील मागत नाहीत. दवाखान्यात त्या दोन दिवसांत तुमच्या हातून जे दिलं गेलं नाही, ते तुमचं मन रात्री मागतं. डॉक्टरांनी सांगितलं ते तुम्ही पाळलं, यात अपराध नाही. "आत्मा अतृप्त आहे, अमुक करा, तमुक महाराजांकडे जा" असं कुणी सांगेल, तिकडे फिरकू नका. शौल राजा मेलेल्यांना बोलावणाऱ्या एनदोरच्या बाईकडे गेला आणि भीतीच घेऊन परत आला.

आणि तहानेचंच म्हणाल तर योहानाच्या शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय वाचा. मला तहान लागली आहे. हे प्रभूने म्हटलंय, मरताना, वधस्तंभावर. त्यालाही पाणी मिळालं नाही, आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, लावलेला बोळा मिळाला. कोरड्या ओठांनी मरणं म्हणजे देवापासून दूर असणं, असं ज्याला वाटतं त्याने हे वचन वाचावं. तुमचे वडील शेवटचे दोन दिवस तहानेत होते तेव्हा ते एकटे नव्हते.

मघाशी म्हणालो होतो, योहानाने दुष्काळाचंही लिहिलंय. प्रकटीकरणाचा सातवा अध्याय, वचनं सोळा आणि सतरा. त्यांना यापुढे भूक लागणार नाही, तहानही लागणार नाही, ऊन बाधणार नाही. कोकरा, म्हणजे ख्रिस्त, त्यांना जीवनाच्या पाण्याच्या झऱ्यांजवळ नेईल आणि देव त्यांच्या डोळ्यांतले सगळे अश्रू पुसेल. ज्या पिढीने बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडली, सुकडी खाल्ली, आणि ज्या भागात २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिने हे वचन वाचताना विहीर डोळ्यांसमोर आणायची नाही तर काय आणायचं? मुलाला हेच वाचून दाखवा, रात्री झोपताना. मग त्याने विचारलं, तिकडे विहीर आहे का, तर सांगा, झरा आहे असं लिहिलंय, विहीर असेलही. तुमच्या स्वप्नात वडील पुन्हा आले, तर उठल्यावर हेच वचन स्वतःसाठी मोठ्याने वाचा. पहिल्या रात्री रडू येईल. येऊ द्या.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्या मंडळीत गाणं म्हणतात का? म्हणत असतील तर यार्देन नदी ओलांडून पलीकडच्या तीरावर जायची गाणी त्यांना नक्की पाठ असतील. आजची यार्देन काही ठिकाणी दहा-पंधरा पावलांत संपते, त्यांनी ती पाहिलीही नसेल. एखाद्या संध्याकाळी चहा देताना सहज विचारा, "आई, हे म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर कोणती नदी येते?" माझा अंदाज गोदावरीचा आहे. शहागडच्या पुलावरून दिसते ती, श्रावणातली, दोन्ही थड्या भरून. काय म्हणाल्या ते मला कळवा.